विश्लेषण : लोकलमध्ये श्वास कोंडतो, ईसीजी मात्र नॉर्मल, पॅनिक डिसऑर्डरवर सायकोडायनॅमिक थेरपी किती प्रभावी?

बदलापूरहून सुटलेली लोकल दोन स्थानकांच्या मध्ये थांबते आणि एखाद्या प्रवाशाच्या छातीत अचानक धडधड सुरू होते. घाम फुटतो, श्वास कोंडतो, आता जीव जाणार असे वाटते. रुग्णालयात ईसीजी मात्र नॉर्मल येतो. असे वारंवार घडत असेल, तर कारण पॅनिक डिसऑर्डर असू शकते.

साधी भीती आणि पॅनिक यात फरक काय?

२७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, तेव्हा प्रवाशांना वाटलेली भीती स्वाभाविक होती. पॅनिक अटॅकमध्ये समोर धोका नसतानाही शरीर तशीच धोक्याची घंटा वाजवते. असे झटके पुन्हा पुन्हा येतात आणि पुढच्या झटक्याच्या धास्तीने माणूस लोकल, गर्दी टाळू लागतो, तेव्हा तो आजार ठरतो.

दोन थेरपींत फरक काय?

कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, म्हणजेच सीबीटी, 'धडधड म्हणजे हार्ट अटॅक' हा समज तपासायला शिकवते आणि टप्प्याटप्प्याने भीतीला सामोरे जायला लावते. उदाहरणार्थ, आधी बदलापूर ते अंबरनाथ एवढाच प्रवास, मग उल्हासनगर, मग कल्याण. सायकोडायनॅमिक थेरपी झटक्यामागचा अर्थ शोधते. झटके केव्हा सुरू झाले, त्या काळात घरात काय चालले होते, दाबून ठेवलेला राग किंवा जवळचे माणूस दुरावण्याची भीती आहे का, यावर तिचा भर असतो.

संशोधन काय सांगते?

अमेरिकेत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४९ रुग्णांच्या अभ्यासात पॅनिकवर केंद्रित सायकोडायनॅमिक थेरपीची १२ आठवड्यांत २४ सत्रे झाली. ७३ टक्के रुग्णांना फरक पडला; शिथिलीकरणाचे प्रशिक्षण घेणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. २०१६ च्या २०१ रुग्णांच्या अभ्यासात चित्र संमिश्र दिसले. सीबीटीचा फायदा ६३ टक्के, सायकोडायनॅमिकचा ५९ टक्के आणि शिथिलीकरणाचा ४६ टक्के रुग्णांना झाला. मात्र दोनपैकी एका केंद्रावर सायकोडायनॅमिक थेरपी इतर दोन्हींच्या मागे पडली. उपचार अर्धवट सोडणारे सायकोडायनॅमिक गटात २२, सीबीटीत २५, तर शिथिलीकरणात ४१ टक्के होते.

थोडक्यात, सायकोडायनॅमिक थेरपी उपयोगी ठरू शकते, पण तिच्यामागचा पुरावा सीबीटीइतका भक्कम नाही.

इथल्या रुग्णांची अडचण काय?

आठवड्यातून दोन सत्रे म्हणजे दोन फेऱ्या. थेरपिस्ट मुंबईत असेल तर बदलापूरहून सीएसएमटी गाठायलाच दीड तासाच्या आसपास लागतो. ज्या लोकलची भीती, तीच पकडून उपचाराला जायचे! अशा वेळी व्हिडीओ कॉलवर सत्रे होतील का, हे आधीच विचारलेले बरे.

मग करायचे काय?

छातीत दुखण्याची पहिलीच वेळ असेल तर आधी डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घ्यावी. त्यानंतर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे. टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते. थेरपी सुरू करताना पद्धत कोणती, सत्रे किती, खर्च किती आणि फरक पडतोय का हे कधी तपासणार, एवढे चार प्रश्न जरूर विचारावेत. सुरू असलेली औषधे डॉक्टरांना न विचारता बंद करू नयेत.