आराखड्यात आपली वस्ती कुठे?

2023 च्या सुरुवातीला दिव्याचं डम्पिंग ग्राउंड बंद झालं आणि दिवेकरांनी सुटकेचा श्वास घेतला. कितीतरी वर्षं ठाण्याचा कचरा तिथे जळत होता, धूर घराघरांत शिरत होता. पण शहराचा कचरा काही कमी झाला नव्हता. तो भंडार्लीला गेला, महापालिकेच्या हद्दीबाहेरच्या गावात. तिथल्या लोकांनी विरोध केला. मग डायघर, म्हणजे आपल्या मुंब्रा-कौशाच्या शेजारी. पुढे भिवंडी तालुक्यातल्या आतकोलीचं नाव आलं. या यादीत नौपाडा किंवा पाचपाखाडी कधी ऐकलंय?

मुसलमानांच्या वस्त्या शोधून कचरा टाकतात, असं मला म्हणायचं नाही. दिव्यात कोकणातून आलेली कुटुंबं आहेत, भंडार्लीत आगरी शेतकरी. जमीन जिथे स्वस्त आणि जिथल्या माणसाला कुणी विचारत नाही, तिथे गाडी वळते. 1982 मध्ये अमेरिकेतल्या वॉरेन काउंटीत, कृष्णवर्णीयांच्या गरीब भागात, विषारी माती पुरायचं ठरलं तेव्हा लोक ट्रकपुढे आडवे झाले. माती तिथेच पुरली गेली, पण ‘पर्यावरणीय न्याय’ हा शब्द तिथून जगभर गेला.

डोंबिवलीचं दुखणं याच जातीचं. 2009 च्या केंद्रीय प्रदूषण निर्देशांकात तिला 78.41 गुण होते. 70 च्या वर गेलं की ‘अतिप्रदूषित’. 26 मे 2016 ला प्रोबेसचा स्फोट झाला, 23 मे 2024 ला अमुदानचा. मधल्या काळात, 2020 मध्ये, रस्ता गुलाबी झाला म्हणून मुख्यमंत्री स्वतः पाहायला आले. 2022 मध्ये 156 कारखाने पाताळगंगेला हलवायचं सरकारने जाहीर केलं. डोंबिवलीकरांनी टाळ्या वाजवल्या. पाताळगंगेच्या काठावर राहणाऱ्यांना कुणी विचारलं होतं का? दिवा ते डायघर हाच प्रवास, फक्त रसायनांचा.

खरी मेख नियोजनात आहे. एमआयडीसीच्या आतलं नियोजन एमआयडीसी करते, कुंपणाबाहेरचं दुसरी यंत्रणा, धुराकडे प्रदूषण नियंत्रण मंडळ पाहतं. इमारती कुंपणाला येऊन चिकटल्या, प्रत्येकाने आपल्यापुरती परवानगी दिली. त्यात 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेने मंजूर औद्योगिक वसाहतीतल्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट दिली. म्हणजे शेजाऱ्याने बोलायची ती एक जागाही गेली.

उरते विकास आराखड्याची जागा. 1966 च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यात कलम 26 खाली मसुद्यावर हरकती मागवाव्या लागतात आणि कलम 28 खाली नियोजन समिती त्या ऐकते. समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरचे चारपर्यंत जाणकार. ठाण्याचा मसुदा ऑक्टोबर 2024 मध्ये आला, तेव्हा नगरसेवकच नव्हते. महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली होती. वीस वर्षांचं शहर ठरत होतं आणि निवडून आलेलं कुणी टेबलावर नव्हतं. याबद्दल आपल्या मोहल्ल्यात किती बोललं गेलं? आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात चूक कागदावर पकडली तर तासाभराचं काम असतं, ग्राहकाच्या हातात गेल्यावर पकडली तर रात्री जातात. आपण स्फोट झाला की मोर्चा काढतो, कँडल लावतो. मोर्चा हवाच, पण नकाशा तेव्हा छापून झालेला असतो.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. त्या चार जाणकारांत दिवा, मुंब्रा किंवा डोंबिवलीत दवाखाना चालवणारा एक डॉक्टर असावा. सुनावणी पाचपाखाडीच्या मुख्यालयात कामाच्या दिवशी न ठेवता मुंब्र्यात आणि दिव्यात, रविवारी घ्यावी. जमीन-वापराच्या नकाशावर हवा, नाले, घातक कारखाने आणि कचऱ्याच्या जागा एकत्र दाखवाव्यात. एवढं काम करणारी पोरं आपल्याच गल्लीत लॅपटॉप घेऊन बसलेली आहेत.

हरकत लिहायला वकील लागत नाही. सर्व्हे नंबर, मसुद्यात काय दाखवलंय, त्याने काय त्रास होईल, बदल्यात काय हवं: एक पान पुरतं. पुढचा मसुदा किंवा फेरबदलाची सूचना आली की जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर एक टेबल टाका, नकाशा पसरा. तसंच टेबल संध्याकाळी दिवा स्टेशनबाहेरही लावा, आणि भंडार्लीच्या दोघांना सोबत बसवा.