दुकानदाराने न विचारलेला प्रश्न

रायफलच्या गोळ्या ऑनलाइन विकणाऱ्या अमेरिकन दुकानाला गोळीबद्दल सगळं माहीत असतं आणि ती घेणाऱ्याबद्दल जवळजवळ काहीच नाही. हे मी ऐकीव सांगत नाहीये. पुण्यात बसून, रात्रपाळीत, सव्वा वर्ष मी अशा एका दुकानाच्या गिऱ्हाइकांना चॅटवर उत्तरं दिली आहेत. तंबू, गळ, बूट विकणारं दुकान. त्यात एक विभाग गोळ्यांचा. माझं भांडण त्या दुकानाशी नाही. ते आहे तिथे आम्हाला पहिल्या दिवशी पढवलेल्या वाक्याशी: ‘आपण फक्त प्रॉडक्टची माहिती देतो.’

प्रश्न कसे असतात ते आधी बघा. ‘माझी रायफल ५.५६ ची आहे, २२३ रेमिंग्टन चालेल का?’ चालेल. उलटं मात्र टाळा. २२३ च्या रायफलीत ५.५६ नाटो घातली तर आतला दाब वाजवीपेक्षा वाढू शकतो, जरी दोन्ही काडतुसं जुळ्या भावांसारखी दिसत असली तरी. ‘५५ ग्रेन घेऊ की ६२?’ ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप, साधारण ६५ मिलिग्रॅमचं. ‘केस पितळेची की स्टीलची?’ पितळेची घरी पुन्हा भरून वापरता येते, स्टीलची स्वस्त पडते. ‘लोहचुंबक चिकटतं का?’ बऱ्याच इनडोअर रेंजवर चिकटणारी गोळी आत नेऊ देत नाहीत. ‘हरणासाठी कुठली?’ इथे फुल मेटल जॅकेट सुचवायची नाही. ती आरपार जाते आणि जनावर जखमी होऊन लांबवर पळत राहतं. आत गेल्यावर पसरणारी सुचवायची.

या पसरणाऱ्या गोळीचा एक पत्ता आपल्याकडचा आहे. कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात इंग्रजांनी १८९० च्या दशकात तशी गोळी बनवली, म्हणून जगभर तिला ‘दमदम’ म्हणतात. १८९९ मध्ये हेगला राष्ट्रांनी जाहीरनामा काढला की युद्धात ही वापरायची नाही. आणि मी ती मुंबईच्या आगीमागून आलेल्या, म्हणजे भारतीय वेळेच्या पहाटे तीनच्या, उत्साहात ‘उत्तम पर्याय’ म्हणून सुचवायचो. शिकारीसाठी ती खरंच उत्तम पर्याय आहे. हे विचारणारे बहुतेक लोक मला आवडायचे, हेही सांगून टाकतो. सभ्य, नेमके, जनावराला त्रास होऊ नये म्हणून धडपडणारे.

पण हा संवाद एकतर्फी होता. गिऱ्हाईक विचारायचं, आम्ही सांगायचो. आम्ही काहीच विचारायचं नाही, कारण कायद्याने विचारायला सांगितलेलं नव्हतं. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार परवानाधारक दुकानदार रायफलची गोळी १८ वर्षांच्या माणसाला विकू शकतो; पिस्तुलाच्या गोळीला २१ लागतात. बंदूक घेताना दुकानात पार्श्वभूमी तपासतात. गोळीसाठी तशी देशव्यापी तपासणी नाही. नुसत्या गोळ्या विकायला केंद्राचं लायसन्सही लागत नाही. मग वय कसं कळायचं? अनेक ठिकाणी एक चौकोन असायचा. ‘मी सज्ञान आहे’ म्हणून टिक करा, पुढे जा.

टेक्सासमधल्या सांता फे हायस्कूलमध्ये मे २०१८ मध्ये दहाजण मारले गेले. मारणारा १७ वर्षांचा होता आणि त्याने गोळ्या ऑनलाइन मागवल्या होत्या. नातेवाईक विक्रेत्याविरुद्ध कोर्टात गेले, वर्षानुवर्षं लढले, आणि २०२३ मध्ये तडजोड झाली तेव्हा विक्रेत्याने गिऱ्हाइकाचं वय खरोखर तपासायचं मान्य केलं. वय तपासण्यासाठी, लक्षात घ्या. दहा प्रेतांनंतर.

आणि युवाल्डे? तिथे तर चौकोनही खरा होता. त्या मुलाला मे २०२२ मध्ये अठरावं लागलं, आणि ५.५६ च्या १,७४० गोळ्या त्याने ऑनलाइन मागवल्या. किंमत सुमारे १,७६० डॉलर. शाळेत १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. या खरेदीत कुठलाही नियम मोडला गेला नव्हता. कुणी चॅटवर त्याला शंका विचारायला सांगितली असती, तर आम्हीही अदबीने उत्तर दिलं असतं.

हे नेहमीच असं नव्हतं. १९६८ च्या कायद्याने टपालाने राज्याबाहेर गोळ्या मागवणं बंद केलं होतं आणि दुकानदाराला विक्रीची नोंद ठेवायला लावली होती. १९८६ च्या कायद्याने दोन्ही बंधनं बहुतांशी काढली. तेव्हाचा युक्तिवाद असा की वह्यांचे ढीग साठतात, उपयोग काही होत नाही. कागदी वह्यांबद्दल तो पटण्यासारखाच होता. पण आज? गिऱ्हाइकाने तीन महिन्यांपूर्वी कार्टमध्ये टाकून सोडून दिलेला बुटाचा जोड आमच्या स्क्रीनवर दिसायचा. त्याला कुठल्या रंगाचं जॅकेट दाखवावं हेही सिस्टीमला कळायचं. नोंद ठेवणं अवघड आहे, हे कारण आता कुणी देऊ नये.

त्याच देशात सर्दीची स्यूडोएफेड्रिनवाली गोळी घ्यायला ओळखपत्र दाखवून नोंदवहीत सही करावी लागते. किती ग्रॅम घेता येईल यालाही मर्यादा आहे. कारण तिच्यापासून मेथ बनतं. नाक चोंदलेल्या सगळ्यांनी हा त्रास सोसला, आणि त्यामुळे कुणाचं स्वातंत्र्य बुडाल्याचं ऐकिवात नाही.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र खरा आहे. कॅलिफोर्नियाने २०१९ पासून गोळ्यांसाठीही तपासणी सुरू केली, तेव्हा सरकारी नोंदीतला पत्ता जुळत नाही असल्या कारणाने कायदेशीर गिऱ्हाइकंही परत पाठवली गेली. त्यावरून कोर्टकज्जे झाले. माझं म्हणणं, नोंदी नीट करा. आधार आणि पॅनमधलं स्पेलिंग जुळवत बसणाऱ्या आपल्या पिढीला हा वैताग नवा नाही. म्हणून काही आपण बँक बंद करा म्हणत नाही.

आता इथल्या ‘अमेरिकन लोक येडेच’वाल्यांसाठी थोडं. आपल्याकडे परवान्यावरच गोळ्यांची संख्या लिहिलेली असते, हे बरंच आहे. पण त्याच देशात गावठी कट्टा मिळतो, आणि तो विकणारा तर चौकोनसुद्धा दाखवत नाही. शिवाय ते प्रश्न न विचारण्याचं काम खडकीच्या दारूगोळा कारखान्यापासून फार लांब नसलेल्या एसी ऑफिसात, मराठी मुलं-मुली करत होती. डॉलरमधला पगार नव्हता, पण कॅब होती.

‘फक्त माहिती देतो’ म्हणणाऱ्या त्या दुकानाला प्रश्न विचारता येत नव्हते असंही नाही. कार्डावरचा पत्ता आणि डिलिव्हरीचा पत्ता जुळला नाही की ऑर्डर आपोआप थांबायची. मग आम्ही गिऱ्हाइकाला लिहायचो: कृपया फोटो असलेलं ओळखपत्र पाठवा, खात्री होईपर्यंत माल निघणार नाही. गिऱ्हाईक चिडलं तरी हटायचं नाही, अशी सक्त सूचना होती. पैसे बुडण्याची भीती होती ना.