मांजरं संपली अन् ससे माजले

एक कीड मारली की दुसरी डोकं वर काढते, हे कपाशीवाल्यांना सांगायला नको. पायरेथ्रॉइडचे फवारे वाढले, मित्रकीटक मेले अन् पांढरी माशी माजली. हेच एका अख्ख्या बेटावर घडलंय.

टास्मानियाच्या खाली, अंटार्क्टिकाच्या वाटेवर मॅक्वारी बेट आहे, १२८ चौरस किलोमीटरचं. झाड नाही, नुसतं गवत अन् समुद्रपक्षी. सील मारायला आलेल्यांबरोबर मांजरं, उंदीर आले. १८७९ च्या सुमारास खायला म्हणून ससे सोडले. तिथले पेट्रेल पक्षी जमिनीत बीळ करून अंडी घालतात, म्हणजे मांजराला आयतं ताट. हिवाळ्यात बरेच पक्षी समुद्रावर गेले तरी ससे होतेच, त्यामुळं मांजर उपाशी मरेना.

१९७८ पासून सशांवर मायक्सोमाचा विषाणू सोडला. ससे घटले, तर मांजरं पक्ष्यांवर तुटून पडली. मग मांजरं मारली, शेवटचं २००० साली. करडे पेट्रेल परत घरटी करू लागले. पण विषाणूचा पुरवठाही त्याच सुमारास बंद पडला. ससे लाखावर गेले, उतारावरचं गवत साफ अन् माती खाली.

शेवटी २०११ मध्ये ससे, लहान-मोठे उंदीर सगळ्यांवर एकदम काम काढलं. आधी सशांवर दुसरा रोग सोडला, मग हेलिकॉप्टरनं विषारी आमिष टाकलं, उरलेले ससे कुत्र्यांनी हुडकले. २०१४ ला बेट मोकळं झाल्याचं जाहीर झालं.

विषानं मेलेलं खाऊन स्कुआ अन् मोठे पेट्रेलही मेले, दोन हजारांवर. हे लपवायचं कारण नाही. तरी माझ्या मते काम बरोबरच होतं. माणसानं आणलेली पीडा माणसानंच काढायची. चुकलं ते आधीचं, एकेक करत बसणं.

आता कुणी म्हणेल, आपणही उंदीर असेच संपवू. नाही संपणार. तिथं चारी बाजूंनी समुद्र आहे, आपल्याकडं नुसता बांध. एकट्यानं बिळं बुजवली तर शेजारच्या वावरातून आठ दिवसांत हजर. शिवाराचं काम एकाच आठवड्यात व्हायला पाहिजे. अन् मेलेला उंदीर पुरायचा, उघडा टाकला तर घुबड खातं. रातभर फुकट राखण करणारा गडी गेला म्हणून समजा.

कोणत्या गावानं असं मिळून केलंय का? कृषी सहायक वाचत असतील तर त्यांनीही खाली लिहावं, कोणत्या महिन्यात केलं अन् आमिष कशाचं होतं.