मत कीं अंदाज?

अमेरिकेंत दर चार वर्षांनीं अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठीं पक्षापक्षांत झुंज सुरू झाली, कीं मतदारांना एक उपदेश हमखास ऐकावा लागतो. तुम्हांला कोण योग्य वाटतो हें बाजूस ठेवा. नोव्हेंबरांत कोण जिंकेल तें पाहा आणि त्यालाच मत द्या. तिकडे जाऊन नागरिक झालेले आमचे कित्येक मराठी बांधवहि हाच उपदेश एकमेकांस करतात, आणि तो करतांना आपण मोठे व्यवहारज्ञ आहों असें त्यांना वाटतें. हा उपदेश वरवर शहाणपणाचा दिसतो. परंतु ज्या हेतूनें पक्षांतर्गत प्राथमिक निवडणूक अस्तित्वांत आली, त्या हेतूच्याच मुळावर तो घाव घालतो, असें आमचें स्पष्ट मत आहे.

हा हेतु काय होता? १९१२ सालीं रिपब्लिकन पक्षांत टॅफ्ट व थिओडोर रूझवेल्ट यांचा सामना झाला. त्या वेळीं प्राथमिक निवडणुका मोजक्याच राज्यांत होत. त्यांपैकीं नऊ राज्यें रूझवेल्ट यांनीं जिंकलीं. टॅफ्ट यांना स्वतःच्या ओहायो राज्यांतहि हार खावी लागली. तरीहि शिकागोच्या परिषदेंत उमेदवारी टॅफ्ट यांनाच मिळाली, कारण तेथील यंत्र पक्षधुरिणांच्या हातीं होतें. रूझवेल्ट वेगळे निघाले, पक्ष फुटला, आणि नोव्हेंबरांत टॅफ्ट यांच्या पदरीं अवघीं दोन राज्यें पडलीं. १९६८ सालीं तर डेमोक्रॅटिक पक्षाच्या ह्यूबर्ट हंफ्री यांनीं एकाहि प्राथमिक निवडणुकींत न उतरतां उमेदवारी मिळविली. त्या वर्षीं शिकागोच्या परिषदेंत आणि रस्त्यांवर जो कलह माजला, त्यानंतर नियम बदलले आणि १९७२ पासून प्रतिनिधि निवडण्याचा अधिकार बहुतांशीं सामान्य मतदाराकडे आला.

आतां विचार करा. बंद खोलींत बसलेले ते धुरीण काय करीत होते? कोण चालेल, कोण खपेल, याचेंच गणित मांडीत होते. त्या गणिताच्या जागीं सामान्य माणसाचा निर्णय यावा म्हणून एवढी खटपट झाली; आणि तो अधिकार हातीं आल्यावर सामान्य माणसानेंहि तेंच गणित मांडीत बसावें काय? तसें झाल्यास धुरीण गेले इतकेंच. त्यांचा धंदा मात्र घरोघर सुरू झाला. शिवाय धुरिणांना निदान आपापल्या जिल्ह्याची नाडी ठाऊक होती. आयोवांतील शेतकऱ्यानें पेन्सिल्व्हेनियांतील कामगाराचें मन कोणत्या विद्येनें जाणावें?

बरें, हें गणित बरोबर तरी येतें काय? १९८० सालीं रोनाल्ड रेगन हे फार टोंकाचे, त्यांना देश स्वीकारणार नाहीं, असें कित्येक जाणते म्हणत होते. त्यांनीं ४४ राज्यें जिंकलीं. २००८ सालीं कृष्णवर्णी माणूस, त्यांतून नांव असें अनोळखी, तो कसा निवडून येणार, ही शंका ओबामा यांच्याविषयीं त्यांच्याच पक्षांत बोलली जात होती. त्यांना निर्वाचक मंडळांत ३६५ मतें पडलीं. उलट २००४ सालीं, कांहींहि करून बुश यांना हरवायचें असें ज्यांच्या मनांत होतें, ते मतदार जॉन केरी यांच्याकडे लोटले. युद्धांत शौर्यपदकें मिळविलेल्या माणसाकडे कोण बोट दाखविणार, असा हिशेब होता. बोट दाखविलें गेलें तें नेमकें त्या युद्धसेवेकडेच, आणि केरी २८६ विरुद्ध २५१ मतांनीं हरले. तेल गेलें, तूपहि गेलें.

परंतु अंदाज चुकतो हा या उपदेशाचा लहान दोष होय. मोठा दोष नैतिक आहे. 'अमका निवडून येणार नाहीं' या वाक्याच्या पोटांत बहुधा 'अमक्याविषयीं लोकांच्या मनांत अढी आहे' हा अर्थ दडलेला असतो. बोलणारा म्हणतो, मला स्त्री अध्यक्ष चालेल हो, पण शेजाऱ्याला चालणार नाहीं. शेजारीहि याच्याकडे बोट दाखवून तेंच म्हणतो. अशा रीतीनें जी अढी कोणीच आपली म्हणून कबूल करीत नाहीं, तीच सर्वांच्या मतांवर राज्य करते. दुराग्रही मनुष्याशीं वाद तरी घालतां येतो; या उसन्या दुराग्रहाला धनीच नाहीं, तेव्हां वाद कोणाशीं घालावा?

१९२८ सालीं अल् स्मिथ हरले, तेव्हांपासून कॅथॉलिक उमेदवार निवडून येत नाहीं हें जणुं सिद्धच झालें होतें. १९६० सालीं केनेडी वेस्ट व्हर्जिनिया या बहुसंख्य प्रॉटेस्टंट राज्यांत उतरले आणि धर्माच्या प्रश्नावर उघड बोलले. त्यांच्या पाठीशीं पैसाहि भरपूर होता, हें खरें. पण हंफ्री यांना मागें सारून तेथील मतदारांनीं केनेडींना विजयी केलें, तेव्हां बत्तीस वर्षें गृहीत धरलेली गोष्ट एका दिवसांत खोटी ठरली. मतदार अंदाज सोडून मत देतो, तेव्हांच लोकांचें मन खरोखर काय आहे तें कळतें.

प्रतिपक्षी येथें गोल्डवॉटर आणि मॅकगव्हर्न यांचीं नांवें घेतील, आणि तीं घेण्याचा त्यांना अधिकार आहे. १९६४ सालीं गोल्डवॉटर यांना सहा राज्यें मिळालीं. १९७२ सालीं मॅकगव्हर्न यांना एकटें मॅसॅच्युसेट्स आणि राजधानीचा जिल्हा. निष्ठावंतांची निवड देशाला मुळींच न रुचणें शक्य आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. इतरांचें मन वळविण्याची शक्ति हा तर अध्यक्षाच्या अंगीं असावा असा गुणच आहे. तो उमेदवाराच्या भाषणांत, वर्तनांत, पूर्वीच्या कारभारांत अवश्य तपासावा. मात्र तो मतदारानें स्वतः पारखलेला गुण असावा. बाजारगप्पांवरून बांधलेला तर्क नसावा. शिवाय पराभवापराभवांत फरक असतो. गोल्डवॉटर हरले, परंतु त्यांच्या बाजूनें भाषण करून पुढें आलेले रेगन सोळा वर्षांनीं अध्यक्ष झाले. विश्वासानें दिलेलें मत हरलें तरी कांहीं पेरून जातें. अंदाजानें दिलेलें मत हरलें म्हणजे मागें काय उरतें?

आम्हां भारतीयांना हा निकष अनोळखी नाहीं. आमच्याकडे उमेदवारी पक्षश्रेष्ठी ठरवितात, आणि फौजदारी खटले अंगावर असलेल्यांना तिकीट देतांना 'निवडून येण्याची क्षमता' हा शब्द त्यांना इतका सोयीचा झाला कीं, अखेर सर्वोच्च न्यायालयाला त्यांत लक्ष घालावें लागलें. अशा उमेदवाराच्या निवडीचीं कारणें पक्षानें प्रसिद्ध करावींत, तीं त्याची पात्रता व कर्तृत्व यांवर आधारलेलीं असावींत, केवळ निवडून येण्याची क्षमता हें कारण चालणार नाहीं, असें त्यानें १३ फेब्रुवारी २०२० रोजीं बजावलें. जी सबब आमच्या न्यायासनानें पक्षश्रेष्ठींच्या तोंडींहि चालू दिली नाहीं, ती अमेरिकेंतील स्वतंत्र मतदारानें आपण होऊन स्वीकारावी, याचें आम्हांला नवल वाटतें.

प्राथमिक निवडणुकींत मतदाराला एकच प्रश्न विचारलेला असतो: या उमेदवारांपैकीं राज्यकारभार कोणाच्या हातीं द्यावा? त्याचें उत्तर त्यानें स्वतःच्या बुद्धीला स्मरून द्यावें. कोण जिंकेल, या प्रश्नाचें उत्तर देण्यास नोव्हेंबर महिना समर्थ आहे.