पेन्शनवाल्या म्हाताऱ्यांचं साहित्य

मराठी कथेतल्या म्हाताऱ्याला पेन्शन असते. त्याला गॅलरी असते, गॅलरीत आरामखुर्ची असते, मुलगा न्यू जर्सीत असतो आणि त्याचा फोन फक्त रविवारी येतो. बायको नुकतीच गेलेली असते. शेवटी दारावरची बेल वाजते किंवा वाजत नाही, आणि वाचक डोळे पुसतो. कथास्पर्धांचं परीक्षण करता करता मी यवतमाळात म्हातारी झाले, आणि ही एकच कथा नावं बदलून माझ्यापुढे येत राहिली. आता मला तिचा संताप येतो. ती दारव्हा, राळेगाव, पांढरकवड्याच्या पोरांनी लिहिलेली असते तेव्हा तर फारच. ज्यांची आजी अजून कमरेला ओटी बांधून कापूस वेचायला जाते, त्यांच्या कथेतले आजोबा कोथरूडच्या बागेत फिरायला कसे काय जातात?

याचं खापर शिरवाडकरांवर फोडण्याची एक पद्धत आहे. मला ती मान्य नाही. १९७० साली रंगभूमीवर आलेल्या ‘नटसम्राट’मधला गणपतराव बेलवलकर साधा नाही. त्यानं इस्टेट वाटून टाकली तीही नटाच्या ऐटीत. तो हट्टी आहे, मोठ्यानं बोलतो, दुसऱ्याच्या घरात स्वतःचं राज्य मांडतो. शिरवाडकरांनी शेक्सपिअरच्या लिअरकडे पाहिलं, आणि राजाचा मूर्खपणाही सोबत आणला. जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’तले नाना-नानी एकटे पडतात. एक मुलगा अमेरिकेत आहे, दुसरा हवाई दलात, आणि तो मरतो. त्या मुलांना खलनायक ठरवून प्रेक्षकाला सुटता येत नाही. या लेखकांच्या मागून जे आले त्यांनी म्हाताऱ्याचा दोष काढून टाकला, मुलाची अडचण काढून टाकली आणि रडणं तेवढं ठेवलं. बाप पुण्यवान, मुलगा नालायक, सून कैदाशीण. २००३ च्या ‘बागबान’नं हा साचा घरोघरी पोचवला. आपला मुलगा असा नाही, एवढं समाधान घेऊन माणसं थिएटरबाहेर पडली. हे साहित्याचं काम नव्हे. ही फसवणूक आहे, आणि तिला बक्षिसं देणाऱ्या आम्ही सगळ्यांनी ती चालू ठेवली.

मुलं वाईट वागत नाहीत का? वागतात. माझ्या गल्लीत वागतात. पण या जिल्ह्यातल्या म्हातारपणाच्या एकटेपणाचं कारण दरवेळी मुलाच्या काळजात सापडत नाही. ते कापसाच्या भावात सापडतं, सातबाऱ्यावर सापडतं, सावकाराच्या वहीत सापडतं. पुसद, महागाव, उमरखेडकडच्या तांड्यांवर दिवाळीनंतर जाऊन पाहा. कामाच्या वयाची माणसं ऊसतोडीला, नाहीतर पुण्या-हैदराबादच्या बांधकामावर गेलेली असतात. मागे उरतात म्हातारे आणि शाळेत जाणारी नातवंडं. त्या म्हातारीला कोणी टाकलेलं नाही. तिच्यावर घर सोपवलेलं आहे. सत्तरीत ती पुन्हा चूल, पाणी, पोराचा ताप सगळं एकटीनं ओढते, आणि ज्या वयात तिच्याकडे कोणी बघायचं त्या वयात तीच सगळ्यांकडे बघते. या एकटेपणाला आमच्या कथेत अजून जागाच झालेली नाही.

तालुक्याच्या बँकेसमोर एकदा सकाळी उभं राहावं. मी पुष्कळदा उभी राहिले आहे. पायरीवर बायका रांगेनं बसलेल्या असतात, पदराच्या गाठीत ऑटोचं भाडं, पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं पासबुक आणि आधार कार्ड. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे दीड हजार आले का, हे बघायला त्या आलेल्या असतात. ते मिळायला वय ६५ लागतं आणि कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत दाखवावं लागतं. केंद्र सरकार वृद्धांच्या निवृत्तिवेतनात ८० च्या आतल्या माणसासाठी २०० रुपये घालतं, आणि हा आकडा २००७ पासून हललेला नाही. माझ्याशेजारी बसलेल्या एका आजीचा अंगठा मशीन घेईना. आयुष्यभर बोंडांच्या टोकांनी सोललेली बोटं, रेषा कुठून उरणार? तिनं अंगठा लुगड्याला पुसला, थुंकी लावली, पुन्हा टेकवला. मग परत येऊन बसली. “उठतच नाई म्हन्ते बाई. सोमवारी ये म्हने.” थोडं थांबून म्हणाली, “घरी आता काय सांगू? नातू वाट पायते.” तिच्या घरी माणसं होती. वाट बघणारं माणूससुद्धा होतं. आणि तरी त्या पायरीवर तिच्याइतकं एकटं कोणी नव्हतं. दीड हजारावर जिची घरातली किंमत ठरते तिचं दुःख रविवारच्या फोनच्या कथेत बसत नाही.

कायद्याचीही तीच गत. २००७ साली आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा झाला. उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करून मुलांकडून महिना दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मागता येतो. चांगला कायदा आहे, पगारदार मुलाच्या बापाला तो उपयोगी पडतो. पण त्याच्या पोटात तीच कथा बसलेली आहे, कमावता मुलगा आणि टाकलेला बाप. ज्या बुढ्याचा मुलगा वावराच्या धुऱ्यावर औषध पिऊन मेला, त्यानं अर्ज कोणावर करायचा?

आता मुद्द्यावर येते. १९ मार्च १९८६ ला महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी बायको आणि मुलांसह जीव दिला, तिथपासून या जिल्ह्याच्या नावापुढे आत्महत्या हा शब्द चिकटला. तेव्हापासून इथे कॅमेरे आले, पुढारी आले, लेखक आले. त्यांनी विधवा पाहिली, लेकरं पाहिली. ओसरीच्या कोपऱ्यात बाजेवर बसलेली मेलेल्याची माय त्यांच्या फोटोत आली तर कडेला, अर्धवट कापलेली. सरकारच्या कागदावर म्हातारा बाप मात्र ठळक आला. सातबारा बापाच्या नावावर, म्हणून मेलेला मुलगा शेतकरीच नाही आणि प्रकरण अपात्र, हे असंही घडत होतं. पत्रकार पी. साईनाथांनी ते लिहून ठेवलं आहे. जमीन आपल्या नावावर राहिली म्हणून पोराच्या मरणाचीही नोंद होत नाही, हे ऐकून जो बाप चावडीवरून घरी परत आला, त्याच्याबद्दल एक कादंबरी मला कोणी दाखवावी. कृष्णाकोयनेकाठच्या नाही, इथल्या लेखकानं लिहिलेली.

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. उद्घाटनाला बोलावलेल्या लेखिका नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेण्याची नामुष्की आपण ओढवून घेतली, आणि उद्घाटन वैशाली येडे यांनी केलं. त्या स्वतः आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या पत्नी. त्या व्यासपीठावर त्यांचा हक्कच होता, आणि मांडवातल्या पुष्कळांपेक्षा त्या नेमकं बोलल्या. पण मांडव उठल्यावर आम्ही लिहिणाऱ्यांनी काय केलं? पुढच्याच वर्षी स्पर्धेला पुन्हा गॅलरी आणि आरामखुर्ची.

आपल्याला कोणी दाखवलं नव्हतं असंही म्हणायची सोय नाही. महेश एलकुंचवार याच जिल्ह्यातल्या पारव्याचे. १९८५ च्या ‘वाडा चिरेबंदी’त माणसांनी भरलेलं घर आहे, कर्त्याची तेरवी तोंडावर आली आहे, खर्च कोणी करायचा यावर भाऊ भाऊ वाद घालताहेत, आणि त्या गलक्यात मुलगा गेल्याचं भान नसलेली दादी बसलेली आहे. तिला कोणी घराबाहेर काढलेलं नाही. तिच्याशी बोलायला कोणाला वेळ नाही, एवढंच. प्रेमचंदांची बूढी काकीही अशीच. मालमत्ता पुतण्याच्या नावावर करून दिल्यावर तिला पोटभर जेवायला मिळत नाही, आणि घरात टिळ्याची पंगत उठल्यावर ती उष्ट्या पत्रावळी चाटते. दोन्ही ठिकाणी घर गजबजलेलं आहे. आमच्या लेखकांना मात्र एकटेपणा दाखवायला रिकामा फ्लॅट लागतो, कारण त्यांनी भरलेल्या घरातल्या म्हातारीकडे कधी नीट पाहिलंच नाही.

सगळ्यात अवघड कथा तर अजून कोणी हातातही घेतलेली नाही. मुलाच्या मरणानंतर एका छपराखाली सासू आणि सून उरतात. मदतीचे एक लाख मंजूर झाले, की त्यातले ७० हजार टपालात किंवा बँकेत अडकतात आणि ३० हजार हाती येतात, ते सुनेच्या. सासूला वाटतं, हिच्या माहेरच्या लग्नापायी पोरानं कर्ज काढलं. सुनेला वाटतं, हिनं वावर विकू दिलं नाही म्हणून तो गेला. दोघींचंही थोडं थोडं खरं असतं. सून तिशीत आहे, ती लेकरं घेऊन माहेरी गेली तर म्हातारी संपली. म्हणून म्हातारी गप्प बसते. पोळ्याला बैल नसलेल्या दाराला तोरण बांधते, वेचणीच्या सुरुवातीच्या सीतादहीला वावरात पहिला दहीभात ठेवते आणि सुनेच्या आधी पऱ्हाटीत शिरते, दिवसाला तिच्यापेक्षा दोन किलो जास्त वेचायची धडपड करते, की आपण अजून कामाच्या आहोत. सून हे सगळं बघते आणि बोलत नाही. यात नालायक मुलगा नाही, कैदाशीण सून नाही, वाचकाला रागावून मोकळं व्हायला कोणीच नाही. लिहायची असेल तर ही लिहा. आणि ती लिहिण्याआधी कळंब, मारेगाव, झरीच्या कोणत्याही गावात जाऊन त्या बाजेशेजारी बसा, वही पिशवीतच ठेवा, आणि ती बोलेपर्यंत घाई करू नका.