एक्सप्लेनर : चाहूल औंढ्यात, शोध लडाखमध्ये! गॅमा किरण स्फोट जमिनीवरून कसे पकडतात?

लातूर-नांदेडमध्ये दहावी झालेल्या मुलाला एकच प्रश्न विचारला जातो : नीट की जेईई? त्याच नांदेडच्या शेजारी, हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होत आहे. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. विश्वातील सर्वांत प्रखर स्फोटांच्या शोधाशी या वेधशाळेचा जवळचा संबंध आहे. कसा, ते समजून घेऊ.

गॅमा किरण स्फोट म्हणजे काय?

प्रचंड तारा कोसळतो किंवा दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळतात, तेव्हा गॅमा किरणांचा झोत सुटतो. तो सेकंदाच्या अंशापासून काही मिनिटांपर्यंत टिकतो. उपग्रह तो टिपून जगभर सूचना पाठवतात. मात्र अतिउच्च ऊर्जेचे किरण फारच विरळ असतात. उपग्रहावरील लहान उपकरणाला ते क्वचितच सापडतात.

मग जमिनीवरून कसे?

हे किरण वातावरणात शिरताच कणांचा वर्षाव होतो आणि निळसर ‘चेरेंकॉव्ह’ प्रकाश चमकतो, तोही सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरता. मोठ्या आरशांच्या दुर्बिणी ही चमक टिपतात. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने लडाखमधील हानले येथे उभारलेली ‘मेस’ अशीच आहे. २१ मीटर व्यासाच्या या दुर्बिणीचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. या प्रकारातील ती आशियातील सर्वांत मोठी.

अडचण कुठे?

वेळेची. १४ जानेवारी २०१९ रोजी स्पेनच्या ला पाल्मा बेटावरील ‘मॅजिक’ दुर्बिणी स्फोटानंतर सुमारे एका मिनिटात त्या दिशेला वळल्या. त्यांना दृश्य प्रकाशाच्या हजारो कोटी पट ऊर्जेचे किरण मिळाले.

१७ ऑगस्ट २०१७ रोजी उलटे घडले. अमेरिका आणि युरोपातील वेधशाळांनी न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीच्या लहरी पकडल्या. पावणेदोन सेकंदांत उपग्रहाने गॅमा किरणही टिपले. पण नामिबियातील ‘हेस’ दुर्बिणी तिकडे वळेपर्यंत काही तास गेले होते. अतिउच्च ऊर्जेचे किरण सापडले नाहीत.

औंढ्याचा उपयोग काय?

दुर्बिणीला एका वेळी आकाशाचा छोटा तुकडाच दिसतो. लहर नेमकी कुठून आली, हे एकमेकींपासून दूर असलेल्या जास्त वेधशाळांमुळे अचूक कळते. औंढ्याने दिशा दाखवली, तर दुर्बिणींची शोधाशोध वाचेल.

आपले काय?

इथे लेझर, निर्वात यंत्रणा, इलेक्ट्रॉनिक्स आणि सॉफ्टवेअर जाणणारे हात लागतील. अभियांत्रिकीची चार वर्षे शिकताना अशी वाट असते, हे या लेखकाला कुणी सांगितले नव्हते. आताच्या मुलांचे तसे होऊ नये. मंजुरीच्या वेळी २०३० चे उद्दिष्ट सांगितले गेले. आज अकरावीत असलेली मुले तोवर पदवीपर्यंत पोहोचतील. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने आणि लातूरच्या महाविद्यालयांनी प्रयोगशाळा आणि अभ्यासक्रमांची तयारी आताच सुरू करायला हवी. नाहीतर जागा मराठवाड्याची आणि शास्त्रज्ञ बाहेरगावचे, असेच होईल.