शांतारामबापूंचा फसलेला 'सैरंध्री'

आमच्या भालकी, औराद, आळंदकडच्या मराठी घरांत व्ही. शांतारामांचं नाव निघालं की 'कुंकू' आणि 'दो आँखें बारह हाथ' एवढंच बोललं जातं. १९३३चा 'सैरंध्री' कुणी काढत नाही. माझं म्हणणं, पोरांना आधी तोच सांगावा.

'प्रभात'नं तो कोल्हापुरात रंगीत करायला घेतला. पुढच्या कामासाठी बापू थेट जर्मनीला गेले. पण रंग काही नीट उतरले नाहीत. एवढी उमेद, सगळी फुकट गेली. तरी माणूस रिकाम्या हातानं परतला नाही, तिथलं तंत्र बघून आला. पुढच्याच वर्षी 'अमृतमंथन'मध्ये चंद्रमोहनचा डोळा पडदाभर दिसला. तो शॉट लोक अजून सांगतात.

आता आपल्याकडं बघा. पोरं कन्नड शाळेत शिकतात. मराठीत चार ओळी लिहिल्या की आपणच हसतो, 'काय रे ही कानडी मराठी!' मग पोरगं परत वही उघडत नाही. बापू 'सैरंध्री'वरच थांबले असते तर १९३७चा 'कुंकू' कुठला बघायला मिळाला असता? पोरांच्या त्या वाकड्या ओळी जपून ठेवा हो. चुका मागनं सुधारता येतात, सुटलेली भाषा परत येत नाही.